पाहुण्या बॅटऱ्या

आमच्या डेपोत "पाहुण्या निघाल्या" अशी हाक आली, की चहा टाकायला कोणी उठत नसे. सगळे पाने-पक्कड घेऊन धावायचे. पाहुण्या म्हणजे बॅटऱ्या. लष्कराचे साठ ट्रक आमच्या आवारात उभे होते आणि धड चालणाऱ्या बॅटऱ्या होत्या सोळा. एका ट्रकला दोन लागतात, म्हणजे आठ जोड्या. त्या कुठल्याच ट्रकच्या हक्काच्या नव्हत्या. वर्षातून दोनदा तपासणी यायची, तेव्हा त्या प्रत्येक ट्रककडे चार-चार मिनिटं टेकून यायच्या, म्हणून हे नाव.

युक्ती माझी. उगाच दुसऱ्याच्या नावावर कशाला घालू? तपासणीचे साहेब पहिल्या रांगेपासून सुरुवात करायचे. आठ-आठ ट्रकांच्या रांगा, शेवटची चारची. चावी फिरवली, इंजिन धडधडलं, कागदावर खूण, इंजिन बंद, पुढची गाडी. साहेब रांगेच्या मध्यावर पोचले की आम्ही मागच्या बाजूने पहिल्या गाडीची जोडी उपसून हातगाडीवरून दुसऱ्या रांगेत न्यायचो. आवाज नको म्हणून हातगाडीच्या चाकांना मी रबर गुंडाळलं होतं. डेपोतल्या सगळ्या चाकांत काळजी घेतलेली तेवढी दोनच. वेळ कमी पडतोय असं दिसलं, की आमचे डेपोप्रमुख तपासणीच्या साहेबांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. मोठ्या हुद्द्याच्या माणसाचे गुडघे दुखतातच, आणि तो त्याबद्दल बोलायला लागला की दोन रांगांचं काम उरकून जायचं. डेपोप्रमुखांना आम्ही ओकेसाहेब म्हणायचो, कारण समोर आलेल्या कुठल्याही कागदावर ते तेवढंच लिहायचे.

शिवाय प्रत्येक ट्रकचं एक कार्ड होतं. उभी गाडी महिन्यातून एकदा पाच किलोमीटर फिरवायची असा नियम आहे. नाही फिरवली तर टायर एकाच जागी दबतात, उन्हाकडच्या बाजूने तडकतात, रबरी नळ्या कडक होतात, बॅटरी मरते. फिरवली की कार्डावर तारीख टाकायची, 'पाच कि.मी., सुस्थितीत' असं लिहायचं आणि खाली मिस्त्रीची सही. मिस्त्री म्हणजे मी. मी सबंध वर्षाची कार्डं जानेवारीतल्या एका दुपारी भरून टाकायचो, संशय नको म्हणून तीन वेगवेगळ्या पेनांनी. गाडी मात्र एकही हलायची नाही. फिरवायला येणारं डिझेल कुठे जायचं, ते मी कधी विचारलं नाही.

या कर्तबगारीबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. 'साठपैकी साठ वाहने सुस्थितीत.' माझ्या खोलीच्या भिंतीला ओल होती, म्हणून ते काचेच्या चौकटीत बसून धाकट्या बहिणीच्या घरी लागलं, तिच्या शिलाई मशीनच्या वर. ती शाळेचे गणवेश शिवायची. माप द्यायला आलेल्या बायकांना ती ते वाचून दाखवायची, आणि मी तिथे असलो तर मान खाली घालायचो. बायका म्हणायच्या, किती साधा माणूस.

धाकटीचा नवरा लष्करात ड्रायव्हर होता. बहिणीचा नवरा म्हणजे आमचे पाहुणेच. मी त्यांना तोंडावर तसंच म्हणायचो. मोठा गमत्या माणूस. बारा वर्षं ट्रक चालवला, कुठे ओरखडा नाही, पण सायकलवरून तीनदा आपटले होते. दोन चाकांवर माझा विश्वास नाही, असं म्हणायचे. माझ्यावर मात्र होता. माझा मेहुणा म्हणजे इंजिनाची नाडी बघणारा माणूस, असं ते त्यांच्या तुकडीत सांगत फिरायचे. डेपोतल्या बॅटऱ्यांबद्दल मी त्यांना ताकास तूर लागू दिली नव्हती.

मग एका सोमवारी हुकूम आला. साठही गाड्या शुक्रवारी सकाळी निघणार. कागदावर 'सराव' असं लिहिलं होतं, पण सरावाला कोणी रक्ताच्या पिशव्या मागवत नाही. सीमा ओलांडायची होती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी ठरवलं होतं की तीन दिवसांत सगळं आटोपेल. पलीकडचे लोक आपलं पाहुण्यांसारखं स्वागत करतील, असं रेडिओवरचा माणूस म्हणाला. ते ऐकून डेपोत आम्ही मिस्त्री लोक एकमेकांकडे बघत राहिलो.

दुपारी ड्रायव्हरांची यादी लागली. तेवीस नंबरच्या गाडीसमोर आमच्या पाहुण्यांचं नाव. तेवीस नंबरचे डाव्या बाजूचे टायर इतके तडकले होते, की भेगांत नाणं उभं राहील.

मी तडक ओकेसाहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, वर कळवायला पाहिजे. या गाड्या पन्नास किलोमीटरसुद्धा जायच्या नाहीत."

त्यांनी चष्मा पुसला आणि कपाटातून कार्डांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला.

"कळव ना. यावर सही कोणाची आहे? माझं नुसतं ओके आहे."

मी घरी जाऊन पत्र लिहिलं. एक पान. चालू बॅटऱ्या किती, टायर किती फाटके, कार्डं कशी खोटी, सगळं सरळ लिहिलं. बघायला पाहुणे आल्यावर पोरीने लिहावं तसं वळणदार अक्षर काढलं. वरच्या अधिकाऱ्याच्या हातात द्यायचं तेव्हा तारीख टाकू, असं म्हणून ती जागा मोकळी ठेवली. घडी करून खिशात घातलं. मंगळवारभर ते खिशात होतं. बुधवारीही होतं. खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली होती. नोकरी जाईल, तुरुंग होईल, आणि त्याहून जास्त भीती कशाची, तर धाकटी ती चौकट भिंतीवरून उतरवेल याची. मग मनाशी म्हटलं, साठ काही आपल्याच्याने वाचत नाहीत, एक वाचवू. तेव्हा मला हा विचार फार शहाणपणाचा वाटला.

ती एक गाडी मी केली. डेपोच्या फाटकाशी एक ट्रक शोभेसाठी ठेवलेला असायचा, ताडपत्रीखाली, टायर नवेकोरे. जेवणाच्या सुट्टीत मी त्याची सहाही चाकं काढून तेवीस नंबरला चढवली आणि तेवीसची फाटकी चाकं त्याला लावून वर काळं पॉलिश मारलं. नळ्या बदलल्या, पट्टा बदलला, डिझेलची जाळी धुतली. सात जोड्या पाहुण्या साहेबलोकांच्या गाड्यांत गेल्या. आठवी मी कपड्यांच्या कपाटात दडवली होती, ती तेवीसला बसवली. वीस वर्षांच्या नोकरीत मी कुठल्या गाडीवर इतकं मनापासून काम केलं नव्हतं. गाणं गुणगुणत होतो, आता आठवलं की लाज वाटते.

शुक्रवारी उरलेल्या गाड्या आम्ही वायर जोडून एकमेकींवरून चालू केल्या, काही ढकलून केल्या. प्रत्येक ड्रायव्हरला एकच गोष्ट बजावली, काही झालं तरी इंजिन बंद करू नका. एक टक्कल पडलेला ड्रायव्हर म्हणाला, मग झोपायचं कसं? मी म्हटलं, चालू ठेवून झोपा. पाहुण्यांना मात्र मी काही सांगितलं नाही. त्यांनी चावी फिरवली, इंजिन पहिल्या फटक्यात बोललं. खिडकीतून मान काढून ते म्हणाले, "दादा, लोणी आहे लोणी." धाकटी फाटकाबाहेर उभी होती. तिने माझ्याकडे बघून हात जोडले. मी तेही घेतलं.

रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज चांगला होता. सीमेवर नऊ तास रांगेत उभं ठेवलं, सगळ्यांची इंजिनं चालू, त्यात निम्म्यांचं डिझेल तिथेच संपलं. ज्यांचं इंजिन बंद पडलं ते पुन्हा बोललं नाही. पुढे टायर फुटायला लागले. "दादा, रस्त्याच्या कडेला आपल्याच गाड्या, दिव्याच्या खांबांसारख्या ओळीने उभ्या. माझी तेवढी पळतेय. साहेबांनी पाठ थोपटली." पहिली खेप पोचवून ते परत भरायला आले होते. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी दोन वेळा पोटभर जेवलो.

मंगळवारी सकाळी पुन्हा फोन. आता आवाज घोगरा होता. चौथी खेप भरत होते. पाणी, गोळे, डिझेल, जे असेल ते. जाणाऱ्या गाड्या आता चार-पाचच, त्यातली भरवशाची एक, म्हणून सगळे तीच मागतात. रस्ता एकच. जाताना तोच, येताना तोच, आणि पलीकडच्यांना तो आता पाठ झाला होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बिघडलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला कोणी पुढे पाठवत नाही. तो खाली उतरतो आणि चालत परत येतो.

मी म्हटलं, "पाहुणे, ऐका. मूठभर माती घ्या आणि डिझेलच्या टाकीत टाका."

"काय?"

"नाही तर पंख्याचा पट्टा कापा. गाडी बसवा. मी सांगतोय ना, बसवा ती गाडी."

ते हसले. "दादा, तुम्ही बनवलेली गाडी मी मोडू? पुढे आपली पोरं दोन दिवस पाण्यावाचून बसलीयत. मी गेलो नाही तर कोण जाणार? तुमच्या बाकीच्या गाड्या?"

ते सहज म्हणाले. टोमणा मारायचा त्यांचा स्वभावच नव्हता. मला मात्र तो अजून लागतो.

सहाव्या खेपेला तेवीस नंबर जळाली. डिझेल भरलेली होती. धाकटीला जे परत मिळालं ते एका पाकिटात मावलं, आणि त्यात गाडीची चावी होती.

तीन आठवड्यांनी तो टकला ड्रायव्हर धाकटीला भेटायला आला. मी तिथेच होतो. रोज जायचो, नळ दुरुस्त कर, खिडकीची कडी बसव, काहीतरी काम काढून. ड्रायव्हर पायांना पट्ट्या बांधून आला होता. त्याने सगळं सांगितलं. त्याची गाडी एकविसाव्या किलोमीटरला बसली, म्हणून तो आज इथे खुर्चीवर बसलाय. अडतीस जण असेच चालत परत आले, फोड आले, शिव्या खाल्ल्या, पण आले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, तुमचे मेहुणे सगळ्यांना सांगत होते, माझी गाडी आमच्या दादांच्या हातची आहे. असं म्हणून त्याने माझा हात हातात घेतला. भला माणूस होता. चहा पिऊन गेला.

धाकटी मशीनसमोर जाऊन बसली. मग तिने वर बघितलं आणि ती चौकट नेहमीसारखी मोठ्याने वाचली, गिऱ्हाइकाला वाचून दाखवायची तशी.

"साठपैकी साठ वाहने सुस्थितीत."

मी चहाचे कप उचलायला लागलो.

"दादा, यात साठ लिहिलंय. मग त्यांचीच एकटी कशी चालली?"

मी सांगितलं. पाहुण्या सांगितल्या, हातगाडीचं रबर सांगितलं, फाटकावरच्या ट्रकची चाकं सांगितली. सांगताना मला वाटलं ती रडेल, मारेल, निदान ओरडेल. तिने फक्त विचारलं, मग कळवलं का नाहीस? मी खिशातून पत्र काढलं. घडीवर फाटायला आलं होतं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं.

"हे कधी लिहिलंस?"

"ते निघायच्या चार दिवस आधी."

"तारीख नाही घातलीस."

तिने कापडावर खुणा करायची पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "आजची घाल आणि देऊन ये. दिल्याशिवाय माझ्या दारात येऊ नकोस."

मी डेपोत गेलो. ओकेसाहेब खुशीत होते. ओढून परत आणलेल्या अकरा गाड्यांची सोमवारी तपासणी होती, आणि पाहुण्या बॅटऱ्यांच्या तीन जोड्या त्यांनी कुठून तरी मिळवल्या होत्या. मी म्हटलं, मला कार्डं हवीत, पत्राला जोडायला. कसलं पत्र ते त्यांनी विचारलं नाही. ते गुडघेवाल्या साहेबांना फोन लावत होते. मी कपाट उघडलं आणि गठ्ठ्यातून तेवीस नंबरचं कार्ड काढलं. जानेवारीत भरलेलं, डिसेंबरपर्यंतचं. माझ्याच अक्षरात, निळ्या पेनने, खाली माझी सही. त्या कार्डाप्रमाणे आमच्या पाहुण्यांची गाडी पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला पाच किलोमीटर फिरून सुस्थितीत परत येणार होती.