गाडी आपणहून ओरडली तेव्हा

खण्ण!

जेवणं नुकतीच उरकली होती. नानांनी पिकअपची किल्ली सुनेपुढच्या रिकाम्या ताटलीत टाकली.

"घ्या. ठेवा कुठं ठेवायची ती."

"नाना, मी तसं नाही म्हणालो," तिचा नवरा पुटपुटला. पण तो तसंच म्हणाला होता, आणि तेही सकाळपासून दोनदा. "नाना आता म्हातारे झाले," असं त्याने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं होतं. त्याचं हळू म्हणजे शेजारच्यांनाही ऐकू जाईल इतकं.

नवरा सुतार. घरामागच्या शेडमध्ये तो कपाटं करी, आणि ती गिऱ्हाइकाच्या दारी पोचवायचं काम त्याच्या वडिलांचं, म्हणजे नानांचं. चाळीस वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस. परवा ते अंगणातून गाडी मागे घेत असताना गाडीने एकाएकी डरकाळी फोडली आणि अशी सुटली की फाटकाचा खांब आडवा झाला. त्या खांबाला टेकून त्यांची नात चिंगी रोज भातुकली मांडायची. नशीब, त्या वेळी ती न्हाणीघरात साबणाशी भांडत होती.

गॅरेजवाल्याने गाडी उभी ठेवून अर्धा तास इंजिन चालवलं, रेस करून पाहिलं आणि निकाल दिला, "गाडी ठणठणीत आहे. ब्रेक समजून ॲक्सिलरेटरवर पाय पडला असणार. वयात होतं असं."

तेव्हापासून नाना स्वतःच्या उजव्या पायाकडे असे बघत, जणू तो कोणा परक्याचा आहे.

सुनेला ते बघवेना. पण खांबाकडे नजर गेली की चिंगीची भातुकलीही आठवायची. उगाच धीर देऊन भागणार नव्हतं. खरं काय ते कळायला हवं होतं. तिच्या माहेरी गॅरेज होतं. मुळाक्षरं गिरवायच्या आधी ती बारा नंबरचा पाना ओळखायला शिकली होती. चिंगी झाल्यापासून मात्र हाताला ग्रीसऐवजी मुलीच्या मालिशचं तेल लागायचं, एवढंच.

चिंगीला दुपारची झोपवायला म्हणून ती आत गेली, तर झोप आली बापाला. मग किल्ली उचलून ती ओसरीवर आली.

"नाना, गाडी नक्की कधी ओरडली?"

"आता कशाला उकरतेस, पोरी?"

"सांगा तर."

"रिव्हर्स टाकला. क्लच सोडायला लागलो, गाडी जराशी हलली, अन्..." त्यांनी मान खाली घातली. "पाय ब्रेकवरच होता गं. असं मला तरी वाटतं."

ती थबकली. गॅरेजवाल्याने गाडी न्यूट्रलमध्येच तपासली होती. रिव्हर्समध्ये इंजिनावर जोर आलेला त्याने पाहिलाच नव्हता.

"उठा. ब्रेक दाबून धरायचा, रिव्हर्स टाकायचा, आणि क्लच मुंगीच्या पावलाने सोडायचा."

"आणि पुन्हा सुटली तर?"

"चारी चाकांना विटा लावते. हँडब्रेकही ओढा."

चिंगीला तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत, गजांच्या आत बसवलं. तिथून गाडीच्या उघड्या दारातून नानांचे पाय दिसत. "नानांचा उजवा पाय कुठे आहे ते बघत राहायचं. हलला की ओरडायचं."

"जोरात?"

"तुझ्या बाबांसारखं."

ती बॉनेट उघडून बाजूला उभी राहिली. नानांनी रिव्हर्स टाकला, क्लच सोडू लागले. आणि तिच्या डोळ्यांदेखत इंजिनाची एक बाजू उचलली गेली, जड माणूस खुर्चीवरून अर्धवट उठावा तशी. त्याबरोबर ॲक्सिलरेटरची केबल ताणली गेली आणि गाडीने पुन्हा तीच डरकाळी फोडली.

"पाय तिथंच आहे! नाही हलला! नाही हलला!" चिंगी किंचाळत होती.

"बंद करा, नाना!"

गाडी थरथरून गप्प झाली. नवरा उघडाबंब बाहेर धावला. "काय पडलं?"

"काही नाही पडलं. हे बघ." तिने हातबॅटरीचा झोत मारून दाखवलं. इंजिन ज्या रबरावर बसतं, ते एका बाजूला चिरून सुटलं होतं. "रिव्हर्समध्ये जोर आला की इंजिन उचकतं आणि केबल ओढतं. पाय लावायलाच नको."

"पण रबर तुटलं म्हणून केबल का ओढली जाईल? तिला ढील असते ना?"

तिने झोत केबलवरून फिरवला. केबल तारेने बॉडीला तीन ठिकाणी चापून बांधलेली होती, पीळ एकसारखे, टोकं आत वळवलेली. या घरात असे पीळ एकाच माणसाचे. कपडे वाळत घालायची दोरीही ते इतकी ताणत, की चिमटे उडून शेजारच्या अंगणात पडत.

नाना खाली उतरून वाकले आणि बघतच राहिले.

"गेल्या महिन्यात मीच बदलली केबल," ते हळूच म्हणाले. "लोंबत होती. लोंबतं काम मला बघवत नाही."

"म्हणजे पाय नाही, हात चुकला," ती भीत भीत म्हणाली.

नानांनी दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले आणि खो खो हसू लागले. डोळ्यांत पाणी येईतो हसले. "हात ना? हाताचं काय, अगं! हाताने बांधलं, हाताने सोडू. आण पक्कड."

तारा त्यांनी स्वतःच कापल्या. केबल सैल लोंबायला लागली तसं त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं. नवं रबर बसेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मुलाने डोकं खाजवत चाकांना आणखी विटा लावायला घेतल्या.

"नाना, ते मी... माझं जरा..."

"तू कपाटं कर," नाना म्हणाले. "आणि आधी सदरा घाल."

ती खिडकीपाशी आली. ग्रीसने काळे झालेले हात पदराला लागू न देता गजांना टेकून उभी राहिली. किती दिवसांनी हातांना तो वास आला होता! चिंगीने गजांतून नाक बाहेर काढलं.

"आई, नानांचा पाय चुकलाच नाही ना?"

"नाही गं, राणी."

"मग ते म्हातारे नाही झाले?"

"नाही."

अंगणात नाना बॉनेटमध्ये अर्धे आत शिरून काहीतरी गुणगुणत होते. चिंगीने त्यांच्याकडे पाहिलं, बोटांवर कसलासा हिशेब केला आणि विचारलं,

"मग कधी होणार?"