हरण्याची खिचडी

मित्रांनो, या, जवळ बसा. पण हात लावू नका, मी आत्ताच चुलीवरून उतरले आहे. मी एक जुनी डेग आहे, तांब्याची. पोट मोठं, गळा आखूड, आणि तोंड कसं आहे ते पुढे कळेलच. दीडशे माणसांची बिर्याणी एका दमात शिजवणारं भांडं म्हणजे डेग. एवढं सांगितलं तरी ज्याला कळत नाही, त्याने जाऊन कुकरशी दोस्ती करावी. तो शिट्ट्या मारतो, दुसरं त्याला काही येत नाही.

माझा जन्म रत्नागिरीचा. एका म्हाताऱ्या तांबटाने मला महिनाभर ठोकून ठोकून आकार दिला. मार खाल्ल्याशिवाय पोटात जागा होत नाही, हे मी तिथेच शिकले. नूरुद्दीनमियाँनी मला शरफुन्निसाबाईंच्या लग्नासाठी घेतलं. पुढे मियाँ सौदीत खमीस मुशैतला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवू लागले, तेव्हा बाई मला गोधडीत गुंडाळून, पोटात कोकम आणि तांदळाचं पीठ भरून विमानातून घेऊन आल्या. विमानतळावरच्या माणसाने मला उघडून पाहिलं, वास घेतला आणि मुकाट्याने झाकण लावलं. शहाणा होता.

खमीस मुशैत उंच डोंगरावर आहे. इथे पाणी लवकर उकळतं, पण डाळ शिजत नाही. पहिल्या वर्षी मला फार लाज वाटली. बुडबुडे येत होते, वाफ येत होती, आणि डाळ दगडासारखी. मग बाईंनी आणि मी धीर धरायला शिकलो. उंचावर घाई चालत नाही. खालून नवीन आलेल्याला हे कळायला वेळ लागतो.

माझे चांगले दिवस फार होते. कोकणातल्या किती माणसांचे निकाह, किती बाळांच्या जन्माचे अकीके माझ्या पोटातून जेवले. वर्षातून एकदा कल्हई झाली की मी आतून चांदीसारखी दिसायची. मग मियाँ गेले. घर मुलाच्या, नौशादच्या हातात आलं. त्याने रियाधच्या बत्हा बाजारातून ॲल्युमिनियमचा टोप आणला, हलका, एका हाताने उचलता येतो म्हणून. एका हाताने उचलता येतं ते भांडं की कानातलं? पण माझं कोण ऐकतो. मला जुन्या टायरांशेजारी ठेवून दिलं.

तिथून मला बाहेर काढलं ते फुटबॉलने.

नौशादची मुलगी इफरा इथल्या कॉलेजात नर्सिंग शिकते आणि मुलींच्या संघात गोलकीपर आहे. संघ लहान, कॉलेज लहान. पहिलाच सामना पोरी हरल्या आणि रडत बसल्या, कोणी घास घेईना. नौशादला वाईट वाटलं. आमच्या कोकणात ज्या घरी मयत होते तिथे चूल पेटत नाही. शेजारी साधं जेवण नेऊन देतात, बिनमसाल्याचं, गळ्याखाली उतरेल असं. नौशादने तेच केलं. टोप पुरेना म्हणून माझ्यात मऊ खिचडी करून मैदानावर नेली. पोरींनी रडत रडत खाल्ली. मन चांगलं होतं त्याचं, मी नाही म्हणत नाही. पण मग रीतच पडली. प्रत्येक सामन्याच्या सकाळी खिचडी. तीन वर्षं, अकरा सामने, अकराही हरलेले, अकरा खिचड्या. मी निकाहाची डेग, आणि माझ्या नशिबी हे.

या वर्षीचा शेवटचा सामना रियाधच्या मोठ्या कॉलेजशी होता. त्या पोरींनी मागच्या खेपेला सात गोल घातले होते. आणि आता कॉलेजने सांगून टाकलं होतं, हाही सामना हरलात तर पुढच्या वर्षी मुलींचा संघ नाही. इफराने घरी येऊन एवढंच सांगितलं आणि हातमोजे धुवायला घेतले. अर्धा तास धूत होती.

सामन्याच्या सकाळी नौशाद तांदूळ आणि मसूर डाळ घेऊन आला. शरफुन्निसाबाई म्हणाल्या, आज तरी बिर्याणी टाकू या का? नौशाद म्हणाला, अम्मा, बिर्याणी टाकली आणि हरल्या तर ती बघून पोरी दुप्पट रडतील. बाईंनी मान हलवली आणि डाळ धुतली. मला बोलता आलं असतं तर मी तिथेच दोघांना सुनावलं असतं. पण भांड्याचं काम शिजवायचं.

मला पिकअपच्या मागच्या भागात बसवलं आणि गाडी गोलपोस्टच्या मागे जाळीला लावली. प्रेक्षक किती, तर शंभर-सव्वाशे. कोकणातली बिऱ्हाडं, पोरींच्या मैत्रिणी आणि कप्तान अरवाचे वडील अली, सतरंजी आणि गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास घेऊन. सगळे आले होते, पण मयताला येतात तसे. कोणी मोठ्याने बोलेना. पाच गोलच्या आत आवरलं तर बरं, असं अलीसाहेब मोडक्या हिंदीत नौशादला म्हणाले, आणि नौशादने इन्शाअल्ला म्हटलं.

पहिल्या डावात इफरा पलीकडच्या टोकाला होती. एकही गोल झाला नाही. लोक घड्याळ बघू लागले. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि इफरा आमच्या बाजूच्या गोलात आली, माझ्यापासून दहा पावलांवर. तेवढ्यात वारा फिरला. तिने वास घेतला, वळून बघितलं.

"दादी, आजही खिचडीच केलीत ना?"

माझ्या पोटात एवढी गरम खिचडी असून मी गार पडले. नौशाद बुटांकडे बघू लागला. बाईंनी माझं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाल्या,

"केली. चुकलं माझं. आता काय रस्त्यावर ओतू? तू गोल अडव, खिचडीचं मी बघते."

आणि बाई साठी ओलांडलेल्या गुडघ्यांनी पिकअपवर चढल्या, लांब दांड्याचा झारा घेतला आणि माझ्या पोटावर हाणला. भरल्या डेगेचा आवाज बसका येतो, पण लांब जातो. धम. धम. लोक वळून बघू लागले. बाईंनी सगळ्यांना सुनावलं, मयताला आलात का, तोंडं उघडा, नाहीतर घरी जा. अलीसाहेबांना शब्द कळले नसतील, पण झारा कळला. ते उभे राहिले आणि यल्ला, चला, म्हणून ओरडले. मग सगळेच उभे राहिले.

आणि मित्रांनो, मी ज्याची वाट बघत होते ते व्हायला लागलं. रियाधच्या पोरी उंच, चपळ, बूट नवे. पण त्या आदल्याच दिवशी विमानाने डोंगरावर आल्या होत्या. पहिल्या डावात त्या भराभर पळाल्या. आता कमरेवर हात ठेवून उभ्या राहू लागल्या. उकळत होत्या, शिजत नव्हत्या. आमच्या पोरी सबंध वर्ष याच विरळ हवेत पळतात. अरवाने अर्ध्या मैदानातून चेंडू घेतला, दोघींना मागे टाकलं आणि गोल केला.

क्षणभर कोणाला टाळ्या वाजवायचं सुचेना. सवयच नव्हती. मग जे काही झालं ते सांगता येत नाही. नौशादने अलीसाहेबांना मिठी मारली, गहवा दोघांच्या कपड्यांवर सांडला.

अगदी शेवटी रियाधला पेनल्टी मिळाली. इफरा एकटी. बाईंचा झारा हवेतच राहिला. समोरच्या पोरीने जोरात मारला. इफरा डावीकडे झेपावली, चेंडू तिच्या मनगटाला लागून बाहेर गेला. पाठोपाठ सामना संपल्याची शिट्टी वाजली.

बाईंनी असा झारा हाणला की माझ्या पोटाला पोचा पडला. मला दुखलं नाही. बायका गाडीवर चढून माझ्यावर हातांनी, चमच्यांनी, चपलेनेही वाजवू लागल्या. चपलेचं मी मनावर घेतलं नाही. पोरी मैदानात एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. अलीसाहेब रडत होते आणि फोनवर कोणाला तरी सांगत होते, हो, हो, आपल्याच पोरी.

मग आनंदाच्या भरात त्यांनी माझं झाकण उचललं. आत पिवळी, आजाऱ्याची खिचडी. त्यांनी नौशादकडे बघितलं. नौशाद ताटं मोजू लागला. पोरी जमल्या होत्या, इफरा पुढे.

शरफुन्निसाबाईंनी पहिलं ताट भरलं आणि इफराच्या हातात दिलं. ते रियाधच्या गोलकीपरला द्यायला सांगितलं. ती पोर बाकावर टॉवेलात तोंड घालून बसली होती. इफरा तिच्याजवळ बसली, आणि ती जेवली. तिच्या मैत्रिणीही जेवल्या. मग बाई आपल्या लोकांकडे वळल्या.

"उरलेली मोठ्यांनी खायची. हरलोय आपण, पोरी नाही."

सगळे सतरंजीवर बसले. अलीसाहेबांनी सगळ्यांत आधी ताट पुढे केलं. आणि इफरा, मातीने भरलेली, हातमोजे तसेच घातलेली, झारा घेऊन वाढायला उभी राहिली. "अब्बा, अजून घ्या," म्हणायची आणि वाढायची. नौशाद नको म्हणाला नाही. तीन ताटं खाल्ली त्याने. इतकी हसली ती पोर की तिला झारा धरवेना.

दुसऱ्या दिवशी माझ्यात बिर्याणी शिजली, सबंध संघासाठी. ॲल्युमिनियमच्या टोपात कांदे कापून ठेवले होते. त्याची तेवढीच लायकी.

आता नौशाद म्हणतो, पोचा ठोकून काढू या. मित्रांनो, त्याला सांगा, मला चिंचेने घासा, कल्हई करा, टायरांजवळ टाकू नका, पण पोच्याला हात लावू नका. आणि एक तुमच्यासाठी सांगते. आपलं माणूस मैदानात उतरलं की घरी हरण्याचा स्वयंपाक करून ठेवू नका. त्याला वास येतो. हवं तर तांदूळ भिजत घाला, चूल पेटवा आणि थांबा. काय शिजवायचं ते त्याला येऊन सांगू द्या.