हरवलेला इंटरप्ट

ज्युलियानाचा फोन आला तेव्हा क्षितिजा केबिन रोडवरच्या ऑफिसात नुकतीच येऊन बसली होती.

"ताई, तुमचा अलार्म परत मुका झालाय. दरवाजा अर्धा उघडा राहिला, आत गरम झालं, तरी वाजला न्हाय. माझं लक्ष गेलं म्हणून पापलेट वाचलं."

ज्युलियाना तारोडीत मासळीचं शीतगृह चालवायची. तिथल्या तापमानावर लक्ष ठेवायचं काम क्षितिजाच्या कंपनीकडे होतं. एकाच कॉम्प्युटरच्या पोटात त्यांनी दोन व्हर्च्युअल मशीन चालवली होती, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले, आपापल्या जागी स्वतंत्र वागणारे कॉम्प्युटर. त्यातल्या एकाला जोडलेलं, तापमान कळवणारं सेन्सर कार्ड मधूनच गप्प व्हायचं. मशीन बंद करून चालू केलं की सगळं सुरळीत.

"मग तेच करू," हरिश्चंद्र सर म्हणाले. कंपनी त्यांनीच काढली होती. "दर तासाला आपोआप रीस्टार्ट. आजच पाठवून दे."

"आणि नेमका रीस्टार्ट चालू असताना दरवाजा उघडा राहिला तर? सर, मला आजचा दिवस द्या. शोधून काढते मी."

हे विचारणं नव्हतंच, तिचं ठरलं होतं. सरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ते आपल्या केबिनमध्ये गेले.

कार्डाला काही सांगायचं असलं की ते मशीनला इंटरप्ट पाठवतं. म्हणजे, हातातलं काम थांबव, आधी माझं ऐक. व्हर्च्युअल मशीनमध्ये त्यासाठी खरी तार नसते, तार असल्याचं सोंग सॉफ्टवेअरच वठवतं. क्षितिजाने पाहिलं, तर सेन्सर कार्ड आणि माहिती साठवणारी डिस्क इंटरप्टच्या एकाच लाइनवर होती. तिथेच तिचा संशय पक्का झाला. डिस्कचं काम संपत आलेलं असताना, अगदी त्या चिमूटभर वेळात कार्डाने हाक मारली, तर?

पण चिमूटभर वेळ पकडायचा कसा? तिने तो ताणला. मशीन "झालं माझं" असं कळवतं, त्याच्या जरा आधी तिने कोडमध्ये मुद्दाम एक थांबा घातला. आठवड्यातून कधीतरी होणारा बिघाड आता दर खेपेला होऊ लागला. तिने खुर्चीतच एक गिरकी घेतली.

चूक दोन ओळींत होती. "झालं" म्हटल्याबरोबर सॉफ्टवेअर अख्खी लाइन मोकळी करून टाकत होतं. आणखी कोणी हाक मारतंय का, हे बघतच नव्हतं. कार्डाच्या मते त्याची हाक चालूच होती, त्यामुळे ते नव्याने कशाला हाक मारेल? आणि मशीनला वाटे, सगळं शांत आहे.

त्या ओळी हरिश्चंद्र सरांनी लिहिलेल्या होत्या. क्षितिजा लॅपटॉप उचलून सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, तुमच्या कोडमध्ये आहे."

"तो कोड किती वर्षं चालतोय, माहितीये ना?"

"चालतोय, कारण लाइनवर एकच डिव्हाइस असायचं. तुम्हीच चालवून बघा."

सरांनी चष्मा चढवला आणि चालवून पाहिलं. कार्ड गप्प. पुन्हा चालवलं. गप्प. मग त्यांनी त्या दोन ओळी उघडून वाचल्या.

"बरोबर आहे तुझं," शेवटी ते म्हणाले. "कसं दुरुस्त करणारेस?"

"कोण कोण हाक मारतंय, हे वेगवेगळं लक्षात ठेवायचं. 'झालं' म्हटल्यावर कोणी उरलं असेल, तर लगेच पुन्हा इंटरप्ट द्यायचा."

"आणि हाक मारता मारता कोणी कार्डच काढून घेतलं तर? त्याची हाक तशीच नोंदलेली राहील, लाइन कायमची अडकेल. मशीनला श्वास घ्यायला फुरसत मिळणार नाही."

हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. "मान्य," ती हसून म्हणाली, "सरका जरा." मग दोघांनी शेजारी बसून दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर बसवायला दोघं तारोडीला गेली. क्षितिजाने डिस्कला मुद्दाम भरपूर कामाला जुंपलं आणि ज्युलियानाला खूण केली. ज्युलियानाने शीतगृहाचा दरवाजा सताड उघडला. थोड्याच वेळात अलार्म असा कडाडला, की बाहेर मासळी निवडणाऱ्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

"बास, बास! कळलं!" ज्युलियाना ओरडली, आणि दरवाजा लावून हसत सुटली. तशीच उघडझाप आणखी कितीतरी वेळा झाली. अलार्म एकदाही चुकला नाही.

परतीच्या रिक्षात सर म्हणाले, "त्याच सॉफ्टवेअरमधल्या टायमरचा कोडही माझाच आहे. तो कधी बघतेस?"

"कालच उघडलाय," क्षितिजा म्हणाली. "तुम्हाला काही प्रश्न विचारायचेत."