कॅमेऱ्याला आबाच दिसतात

प्रतिक्षाच्या लग्नात वृषालीनं काढलेल्या फोटोंत नवरी सोडून सगळं स्पष्ट आलं होतं. सगळं म्हणजे आबा.

निमगाव केतकीच्या वृषालीनं तो कॅमेरा बारामतीच्या नागेश फोटोग्राफरकडून जुना घेतला होता. नागेशनं ड्रोन आणला, आणि तेव्हापासून जमिनीवर उभं राहून फोटो काढणं त्याला कमीपणाचं वाटायला लागलं. कॅमेरा मात्र झकास होता. शेजारच्या बारशात त्यानं बाळाच्या पापण्यांसकट सगळं टिपलं, आणि वृषालीची कॉलर ताठ झाली.

प्रतिक्षा तिची शाळेपासूनची मैत्रीण. सासर इंदापूरचं. तिकडच्यांनी बारामतीचा मोठा स्टुडिओ ठरवत आणला होता. प्रतिक्षानं स्पष्ट सांगितलं, "फोटो वृषाली काढंल, न्हायतर मी तोंड झाकून बोहल्यावर चढंन." सासरच्यांनी नाक मुरडत माघार घेतली.

इंदापूरच्या कार्यालयात अंतरपाट धरला गेला आणि कॅमेऱ्याला झटका आला. अर्धं बटण दाबलं की पडद्यावर हिरवा चौकोन यायचा, नवरीच्या तोंडावर टेकायचा, आणि लगेच माकडागत उडी मारून मागं जायचा. लेन्स आत-बाहेर कुरकुरायची. वृषालीनं ओढणीनं काच पुसली. फोकसचं बटण खाली-वर केलं. कॅमेरा बंद करून चालू केला. बॅटरी काढून, फुंकर मारून परत घातली. उडत्या अक्षतांमुळं तो गोंधळत असेल म्हणून ती बाजूला सरकली. तरी चौकोन पळतच होता. मंगलाष्टकं काही तिच्यासाठी थांबणार नव्हती. भटजींनी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडं बघत "सावधान" असं काही म्हटलं, की तिला वाटलं, हे आपल्यालाच म्हणतायत.

घरी लॅपटॉप उघडला तेव्हा तिची आई, अनिता, शेजारी येऊन बसली.

"नवरी कुठाय गं?"

"ही काय."

"ही व्हय? मला वाटलं पडदा लावलाय."

नवरा-नवरी धुक्यात उभे असल्यासारखे दिसत होते. त्यांच्या दोन डोक्यांच्या मधल्या फटीत मात्र रामहरीआबा लख्ख उजळले होते. आबा म्हणजे नवरदेवाचे मामा. निवडणूक सोसायटीची असो की पंचायतीची, आबांची उभं राहायची तयारी कायम असे. लग्नातही मामानं नवरदेवाच्या मागं उभं राहायचं सोडून ते व्यासपीठाच्या बरोबर मधोमध, प्रमुख पाहुण्याच्या जागी उभे राहिले होते. त्यांच्या मिशीचा केस न् केस मोजता येत होता. कलप कुठं संपतो आणि खरा पांढरा कुठं सुरू होतो, तेही कळत होतं. हार घालताना आबा. सप्तपदीत आबा. पंगतीच्या फोटोत घास भरवणारी जोडी पुसट, आणि पलीकडच्या टेबलावर जेवणारे आबा ताटासकट स्वच्छ.

प्रतिक्षानं सासरशी भांडून तिला बोलावलं होतं, आणि तिनं मैत्रिणीच्या लग्नाचं धुकं करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं टोमॅटोचं क्रेट मांडून फोटो काढले. शेळीचे काढले. भाकरी थापणाऱ्या आईचे काढले. सगळे झकास. मग तिनं बारामती गाठली.

दुरुस्तीच्या दुकानातल्या सुयोगनं आधी फुग्यानं हवा मारली. लेन्स काढून तिच्या मागचे पितळी ठिपके शाळेच्या खोडरबरानं घासले. दुसरी लेन्स लावून पाहिली. भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला, मग चहा घेऊन आलेल्या माणसाचा. दोन्ही चोख.

"मॅडम, कॅमेरा ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तुमचा हात हलतो."

"माझा हात हालतो, तर आबा कसं काय हालत न्हाईत?"

"कोण आबा?"

या प्रश्नाला उत्तर द्यावं तर तासभर लागला असता. वृषालीनं कॅमेरा उचलला आणि चिडून इंदापूरच्या गाडीत बसली.

वाटेत निमगावच्या चौकात उतरली तेव्हा रसवंतीवाला निवांत उभा होता. हात हलतो म्हणे! तिनं कोपर पोटाशी घट्ट धरले, श्वास रोखला आणि रसवंतीवाल्यावर नेम धरला. हिरवा चौकोन त्याच्या तोंडावर बसला, आणि टुणकन वर उडाला. वृषालीनं मान वर केली. रसवंतीच्या मागं भलामोठा फ्लेक्स होता. 'तालुक्याचा बुलंद आवाज, मा. रामहरीआबा यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' आबा हात जोडून हसत होते. फोटोत रसवंतीवाला विरघळला होता, आणि फ्लेक्सवरच्या आबांचा दात न् दात दिसत होता.

तिनं तिथूनच नागेशला फोन लावला. सगळं ऐकून नागेश खो-खो हसला.

"अगं, आबांच्या प्रचाराचं फोटो मीच काढायचो की! गर्दीत आबा हरवले की शिव्या बसायच्या. म्हणून त्यांचा चेहरा कॅमेऱ्यात नोंदवून ठेवला. कितीबी माणसं असू दे, तो आधी आबांनाच धरतोय."

"मग इकताना सांगायचं न्हाय व्हय?"

"ध्यानातनंच गेलं. सेटिंगमधनं काढून टाक. सोपं हाय."

फोन ठेवल्यावर वृषालीला आधी हसू आलं, मग रडू. बिघाड सापडला होता, पण लग्न तर होऊन गेलं होतं. प्रतिक्षाचे फोटोंसाठी फोनवर फोन येत होते. आता तोंड चुकवण्यात अर्थ नव्हता. रविवारी ती कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन इंदापूरला गेली.

नेमकं त्याच दिवशी प्रतिक्षाच्या सासूबाईंनी, साखरबाईंनी, आपल्या भावाला आणि भावजयीला जेवायला बोलावलं होतं. म्हणजे सोफ्यावर साक्षात आबा बसलेले, आणि शेजारी त्यांच्या पत्नी द्वारकाबाई. आबांना साखरेचा आजार; पथ्याचा कारभार द्वारकाबाईंकडं. त्यामुळं आबांच्या ताटात दुधीची भाजी होती, आणि तोंडावर अनामत जप्त झाल्याचे भाव.

"आली बघा फोटोवाली," साखरबाई म्हणाल्या. "लाव गं, समद्यांनी मिळून बघू."

वृषालीनं लॅपटॉप उघडला. "आधी सांगते, फोटो बिघडलेत."

तिनं पहिला फोटो लावला. नवरदेव मल्हारनं चष्मा काढून पुसला. प्रतिक्षा स्वतःला शोधत लॅपटॉपजवळ सरकली. साखरबाई मात्र खुलल्या.

"बिघडलं काय त्यात? आमचा दादा किती ग्वाड आलाय!"

आबांनी मिशीवरून बोट फिरवलं. फोटो पुढं सरकत गेले, आणि पंगत आली.

"थांब," द्वारकाबाई म्हणाल्या. "मोठा कर. ह्यांच्या हातात काय हाय?"

मोठा करायचीही गरज नव्हती. पाकानं चमकणारी केशरी जिलेबी होती.

"तुमी तर म्हणला होता, लग्नात निस्ता वरणभात खाल्ला."

"ती... कुणीतरी धरायला दिली हुती," आबा म्हणाले.

पुढच्या फोटोत जिलेबी तोंडात होती. त्याच्या पुढच्यात गुलाबजाम. द्वारकाबाईंचा आवाज थंड झाला. "आन् ह्यो बी धरायलाच दिला हुता, तोंडात?"

आबा ताडकन उठले. "ह्यो फोटो खोटा हाय! आजकाल एआयनं काय बी करत्यात. विरोधकांचं काम हाय हे!"

"आबा, खोटा न्हाय," वृषाली म्हणाली. आता भ्यायचं कशाला, असं तिला वाटलं. "तुमचा चेहरा कॅमेऱ्यात नोंदवलेला हाय. हजार माणसांत तो आधी तुमालाच वळखतोय."

"म्हंजे?"

तिनं प्रतिक्षाला पुढं उभं केलं, आबांना पार मागं, स्वयंपाकघराच्या दारात. सगळे पडद्यावर वाकले. हिरवा चौकोन प्रतिक्षाच्या चेहऱ्यावर बसला आणि उडी मारून थेट आबांवर गेला. आबा दाराआड लपले, तो परत आला. आबांनी डोकावलं, तो परत गेला. दर वेळी सगळे "आला", "गेला" ओरडत होते, आणि आबांनी हे चारदा करून पाहिलं. मग त्यांची छाती फुगली.

"बघितलं का? यंत्राला बी कळतंय, नेता कोण ते!"

"मग फोटो खरा म्हनायचा का एआयचा?" द्वारकाबाईंनी विचारलं.

आबा अडकले. कॅमेरा खरा मानावा तर जिलेबी खरी ठरत होती, आणि खोटा म्हणावा तर पुढारीपण जात होतं.

"खाल्ली असंल एखादी," शेवटी ते म्हणाले. पुढारीपण वाचलं.

द्वारकाबाईंनी सगळे पंगतीचे फोटो स्वतःच्या मोबाईलवर मागवून घेतले. "आन् पोरी, तू तो कॅमेरा आजाबात दुरुस्त करू नगंस," त्या म्हणाल्या. "तालुक्यात जिकडं जेवायला जात्यात, तिकडं तू बी जायाचं."

खोलीत हशा पिकला. प्रतिक्षा हसली नाही.

"समद्यांचं झालं," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या लग्नाचा एक तरी फोटो हाय का, ज्याच्यात मी हाय?"

वृषालीनं कॅमेरा हातात घेतला, सेटिंगमध्ये आबांचा नोंदवलेला चेहरा शोधला आणि सर्वांदेखत पुसून टाकला. आबा "आगं आगं" करत राहिले.

"शालू नेस," ती प्रतिक्षाला म्हणाली. "परत काढू."

"लगीन दोनदा लावत्यात व्हय?" साखरबाई कडाडल्या.

"लगीन कोण लावतंय, वन्सं? फोटोला कशाला मुहूर्त?" द्वारकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनीच उठून कपाटातल्या मुंडावळ्या शोधल्या.

दुपारी अंगणात, जांभळीच्या सावलीत, नवरा-नवरी समोरासमोर उभी राहिली. द्वारकाबाईंची शाल अंतरपाट झाली. भटजी नव्हते, तेव्हा मंगलाष्टकं आबांच्या गळ्यात पडली, आणि ती त्यांना येत नव्हती. पण माईक नसतानाही बोलायची सवय कामी आली. त्यांनी हात वर करून सूर लावला:

"येथे जमलेल्या सर्व बंधू आणि भगिनींनो, नवरदेव नवरीला... प्रचंड मतांनी... शुभमंगल सावधान!"

शाल खाली आली. प्रतिक्षा पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी, मुंडावळ्या एका कानावर. हिरवा चौकोन तिच्या चेहऱ्यावर बसला आणि तिथंच राहिला. वृषालीनं बटण दाबलं. मल्हारला नवरीकडं बघू की कॅमेऱ्याकडं हे सुचेना, म्हणून तो नवरीकडं बघत राहिला, आणि तेच बरोबर होतं.

फोटो बघून साखरबाईंनी तोंड वाकडं केलं. "नवरीनं येवढं दात काढून हसू नये बया." मग पुन्हा एकदा पाहिला, जरा जास्त वेळ. "मोठा करून आण. हालमधी टीव्हीच्या वर लावू."

"टीव्हीवर नगं, आत्या," प्रतिक्षा डोळे पुसत म्हणाली. "दारासमोर लावू. येनाऱ्याला आधी दिसू दे."

लग्नानंतरचा सासू-सुनेचा तो पहिला वाद. वृषाली गाडी पकडायला निघाली तेव्हाही तो चालूच होता.