मनमोहन कुठे उभा होता

गिरगावातल्या त्या वाडीच्या तोंडाशी एक काळा फळा होता. नळाला पाणी किती वाजता येणार, सत्यनारायण कोणाकडे आहे, एवढंच त्यावर एरवी लिहिलेलं असे. छप्पन सालच्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर गोळीबार झाला तेव्हा, त्याच फळ्यावर वाडीतल्या चिंतामणरावांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'हुतात्मा मनमोहन विजयकर अमर रहे!' आणि तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला वाडीत माणसं जमू लागली. रस्त्यावर जमावबंदी होती, चार-पाच डोकी एकत्र दिसली की शिपाई दंडुका घेऊन यायचे. म्हणून सभा वाडीच्या आतल्या चौकात भरायची. आणि चौक म्हणजे नेमकी विजयकरांच्या खिडकीखालची जागा.

वर खिडकीआड मनमोहनची आई सरोजिनीबाई सुतकात बसलेल्या. नवरा केव्हाच गेलेला, एकुलता एक मुलगा चोविसाव्या वर्षी पोलिसांच्या गोळीला बळी पडलेला. खाली कोणी तरी स्टुलावर चढून मूठ उगारायचा, आणि वरची खिडकी खाडकन बंद व्हायची.

समोरच्या तळमजल्यावरच्या पद्मजाबाईंना हे सगळं ओट्यावरून दिसे. पद्मजाबाई मोठ्या नेमाच्या. पहाटे स्नान झालं की दुपारी नैवेद्य दाखवेपर्यंत मौन, त्यात सात वर्षांत खंड नव्हता. देवानं त्यांना आवाज हळू दिला होता, पण चौकसपणा देताना हात आखडता घेतला नव्हता.

पाचव्या दिवशी सरोजिनीबाईंचे दीर कमलाकांत खाली उतरले. सरकारी कचेरीतले गृहस्थ, कोटाची सगळी बटणं लावलेली.

"चिंतामणराव, घरात सुतक आहे. वहिनींचा डोळ्याला डोळा नाही. निदान तेरावं होईपर्यंत ही भाषणं दुसरीकडे न्या."

"कुठे नेऊ? रस्त्यावर नेली तर लाठ्या," चिंतामणराव उसळले. छापखान्यात मुद्रितं तपासून त्यांचे डोळे बारीक झाले होते, पण गळा शाबूत होता. "सरकारनं आमची तोंडं बांधली, आता तुम्हीही फडकं घेऊन आलात?"

"सरकारला मध्ये आणू नका. मुलगा आमचा गेलाय."

"गोळी लागली त्या घटकेला तो साऱ्या महाराष्ट्राचा झाला!"

"वा! आणि जिवंत होता तेव्हा? कॅरमला भिडूसुद्धा घेत नव्हतात त्याला तुम्ही वाडीवाले!"

कोणी तरी फिस्सकन हसलं आणि लगेच खाली बघू लागलं.

पद्मजाबाईंना दोघांचंही पटत होतं, आणि तीच पंचाईत होती. एक म्हणतो मनमोहनच्या आईसाठी गप्प बसा, दुसरा म्हणतो तिच्या मुलासाठी बोलू द्या. पण तिला कोणी विचारलं का? कोण विचारणार! दुखवट्याला गेलं की खाली मान घालून बसायचं, आपण होऊन विषय काढायचा नाही, उठताना 'येते'सुद्धा म्हणायचं नाही, ही रीत. पाच दिवस माणसं येत होती, बसत होती, मुकाट्यानं उठत होती.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. त्या रात्री पिठलं-भाताची पाळी पद्मजाबाईंची होती. ताट पुढे ठेवून त्यांनी रीत मोडली.

"सरोजिनीबाई, खालच्या सभेचा त्रास होतो का हो? बंद करा म्हणून सांगू?"

सरोजिनीबाईंनी मान वर केली. कोणी तरी आपल्याला काही विचारलं याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

"नका सांगू. खिडकी लावते ती मला रडताना कोणी बघू नये म्हणून. कान फटीशीच असतो. पण ऐकायचं तरी काय? परवा एक म्हणाला, छाती उघडी टाकून पुढे गेला. काल दुसऱ्यानं हातात झेंडा दिला. भाऊजी म्हणतात, रस्ता ओलांडत होता बिचारा. ऑफिसं बंद होती त्या दिवशी. 'आई, जरा येतो गं,' म्हणाला. माझे हात कालवणात होते. कुठे निघालास, एवढं विचारायलासुद्धा मी उठले नाही. पद्मजाबाई, तो तिथे काय करत होता?"

भात निवत होता. पद्मजाबाईंनी ताट जरा पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य होताच त्या चिंतामणरावांच्या दारात उभ्या राहिल्या. आईचा प्रश्न फळ्यावर लिहा म्हणाल्या. चिंतामणराव चपापले.

"पद्मजाबाई, लिहायला काय! पण आम्हांलाच ठाऊक नाही असं दिसेल. विरोधक म्हणतील, बघा, उगाच कोणालाही हुतात्मा करतात."

"ठाऊक आहे का तुम्हांला?" पद्मजाबाईंनी नेहमीच्या हळू आवाजात विचारलं.

चिंतामणरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खडू घेऊन 'अमर रहे'च्या खाली लिहिलं, 'त्या दिवशी मनमोहनला प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी त्याच्या आईस भेटून सांगावे.'

दोन दिवस गेले. वर कोणी गेलं नाही. सभेत मात्र फरक पडला. 'छाती उघडी'पर्यंत आलेला वक्ता फळ्याकडे बघून अडखळायचा आणि 'इत्यादी' म्हणून स्टुलावरून उतरायचा.

आठव्या दिवशी सकाळी पद्मजाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. मालन कोळीण पाटी घेऊन आली. गेले तीन-चार दिवस त्यांच्या एक ध्यानात आलं होतं. मालन विजयकरांच्या जिन्याशी थबकायची, वर बघायची, ओठ हलवायची आणि पुढच्या घराकडे वळायची. सुतकात म्हावरं घेत नाहीत, हे तिला न कळण्याइतकी ती नवी नव्हती. मग थांबते कशाला? आणि फळ्यासमोरून जाताना तर मान वळवूनसुद्धा बघत नाही! तेवढ्यात पद्मजाबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मालनला वाचता कुठे येतं?

मालन वाडीबाहेर निघाली होती. पद्मजाबाईंनी हातातला तांब्या हलवून तिला खूण केली. मालन वळली आणि डोळे मोठे करून म्हणाली, "अगो बाय! बामनीनबाई, तुमी आनि बोंबील?"

पद्मजाबाईंनी नाही नाही म्हणून मान हलवली, जिन्याकडे बोट दाखवलं, पुन्हा खूण केली. मालन हसत चालू लागली.

"मालन, थांब!"

आपलाच आवाज त्यांना परका वाटला. सूर्य अजून समोरच्या कौलांवरसुद्धा आला नव्हता, नैवेद्य तर दूरच. पण आता शब्द गेला तो गेला. "मनमोहनला पाहिलंस का तू त्या दिवशी?"

मालनचं हसू मावळलं. "पायलं ना, बाय. पन सुतकाच्या घरात पाटी घेऊन कशी चढू? आनि रिकामी गेले तरी आपन व्हऊन बोलायचं कसं? तेरावं झालं की सांगनारच व्हते."

मासळीची पाटी पद्मजाबाईंनी स्वतःच्या ओट्यावर, तुळशीपासून चार हातांवर ठेवून घेतली आणि तिला वर नेलं. त्यांना जाताना पाहून चिंतामणरावही मागोमाग आले आणि दारातच उभे राहिले. आत कमलाकांत होतेच.

मालन उंबऱ्याशी टेकली. "नाक्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर व्हता बाय तुझा पोर. शेंगदाने खात. मना म्हनला, मालन, आज धंदा नाय? मी म्हनलं, नाय रं, तू काय करतोस? म्हनला, बघतोय. मंग लोक ओरडायला लागले. यानं पुडी खिशात घातली नि हात वर केला. असा." मालनचा हात खांद्यापर्यंत जाऊन तिथेच थांबला. "ओरडला पन. मी बाजूला व्हते म्हनून ऐकलं."

"एकदा?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"तीनदा. तिसऱ्या खेपेला जरा मोठ्यानं. मंग गोळ्या सुटल्या."

सरोजिनीबाईंच्या तोंडून जे निघालं ते आधी हसू होतं, मग नव्हतं. "तस्साच तो. आरतीतसुद्धा हात वर जायचा नाही त्याचा."

"ऐकलंत ना? पायरीवर होता," कमलाकांत म्हणाले. "बघायला गेला होता."

"तीनदा घोषणा दिली त्यानं!" दारातून चिंतामणराव.

"दोघं जरा गप्प बसाल?" सरोजिनीबाई म्हणाल्या. आठ दिवसांत त्यांचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. "चिंतामणराव, सभेत बोला, खुशाल बोला. पण पायरीवर होता म्हणा. छाती नको, झेंडा नको. आणि भाऊजी, कचेरीत कोणी विचारलं तर रस्ता ओलांडत होता म्हणू नका. ओरडला होता तो. तीनदा."

कमलाकांतांनी कोटाचं बटण चाचपलं. चिंतामणराव खिशातला खडू बोटांत फिरवू लागले. या पायरीवर भाषण कसं उभं करायचं, ते त्यांना कळत नसावं.

सरोजिनीबाई मालनकडे सरकल्या. शिवाशिवीचं भान राहिलं नव्हतं.

"अंगात कोणता सदरा होता गं?"

"निळा. रेघांचा."

"आणि शेंगदाणे? संपवले होते?"

"नाय बाय. निम्मे व्हते पुडीत."

"आणखी सांग. आणखी काय म्हणाला तुला?"

मालननं डोळे मिटले आणि आठवू लागली. तिला काय आठवतंय ते ऐकायला कमलाकांत आणि चिंतामणराव दोघेही उंबऱ्याच्या दोन बाजूंना खाली बसले.