भगवंतरावांच्या हाकेचं माप

केनवडच्या शिवारात त्या हिवाळ्यात रोही, म्हणजे नीलगायी, एकाच माणसाचा हरभरा खात होते, आणि तो माणूस म्हणजे भगवंतराव. रोह्यांचं त्यांच्याशी काही वैर नव्हतं. झालं असं की, आसपासच्या सगळ्या शेतकऱ्यांकडे जगदेवने कोरलेला लाकडी भोंगा होता. दिवस कलला की एकेक जण आपल्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून भोंगा फुंकायचा, आणि कळप उड्या मारत शेजारच्या शेतात जायचा. शेजारच्याने फुंकला की त्याच्या शेजारच्या. असे हाकलले जाता जाता सगळे रोही शेवटी भगवंतरावांच्या शेतात येऊन टेकायचे. तिथे त्यांना कोणी ऊठ म्हणायला नव्हतं.

म्हणजे भगवंतराव हातावर हात धरून बसले होते असं नाही. पुण्याच्या मुलाने, मुकेशने, एक स्पीकर पाठवला होता. मोबाइलला जोडला की त्यातून वाघ डरकाळी फोडायचा. पहिल्या दिवशी रोही पळाले, शेजारच्या शेतातला देवमनही पळाला. पण डरकाळी संपली की त्यातूनच एक बाई गोड आवाजात टूथपेस्टची जाहिरात करायची. आठवडाभरात रोह्यांच्या ध्यानात आलं की या वाघाच्या मागे एक बाई असते आणि दोघांपैकी कोणीच बाहेर येत नाही. मग ते स्पीकरच्या अंगाला अंग लावून हरभऱ्याचे घाटे खाऊ लागले.

शेवटी भगवंतराव जगदेवच्या दारात गेले. खरं तर हे त्यांनी आधीच करायला हवं होतं. पण जगदेवकडे जायचं म्हणजे एक अट पाळायची, आणि ती अट त्यांच्या गळ्यात अडकत होती.

जगदेव दोन एकरांचा शेतकरी. त्याचा आजा शिकारी लोकांसाठी तितराच्या आणि लावरीच्या लाकडी शिट्या करायचा. मादीचा आवाज काढला की नर तितर झुडपातून धावत यायचा, अशी त्या शिट्यांची ख्याती. शिकारीवर बंदी आली, आजा गेला, पण हत्यारं आणि हात घरात राहिले. जगदेवने तेच कसब उलटं फिरवलं. कळपाला राखणारा नर रोही धोका दिसला की जो घोगरा आवाज काढतो, तो त्याने शिवणीच्या लाकडातून काढला. हातभर ठोकळा, आतून कोरलेला गळा, तोंडाशी बांबूची पातळ जिभली. दिसायला मुसळाचं पिल्लू.

पण भोंगा माणसागणिक वेगळा. जगदेवचं म्हणणं असं की, राखण करणारा रोही वैऱ्यावर ओरडतच नाही, तो आपल्या घरच्यांना हाक मारतो. म्हणून फुंकणाऱ्याचा दमही घरच्या माणसाला हाक मारतानाचाच पाहिजे. तो दम कुठून उठतो आणि कुठवर जातो हे पाहिल्याशिवाय त्याचं पटाशीला बोट लागत नसे. गिऱ्हाइकाने धुऱ्यावर उभं राहायचं, जगदेवने त्याच्या पाठीवर पंजा ठेवायचा आणि त्या माणसाने बायकोला हाक मारायची, ही त्याची माप घ्यायची रीत.

या रीतीमुळे गावाला करमणूक चांगली झाली होती. देवमनची हाक तुटक, बायको पहिल्याच हाकेला येते, म्हणून त्याच्या भोंग्याचा गळा आखूड. लालसिंगची बायको ऐकूनही न ऐकल्यासारखं करते, म्हणून त्याचा भोंगा असा लांब की खांद्यावर टाकून न्यावा लागतो. संध्याकाळी भोंगे वाजू लागले की कोणाच्या घरी काय चाललंय ते सगळ्या शिवाराला समजायचं.

आणि भगवंतराव बायकोशी बोलत नव्हते. म्हणजे ती त्यांच्याशी बोलत नव्हती, आणि मग तेही नव्हते. लेकीच्या, रुचिकाच्या, साखरपुड्यात त्यांना जरा जास्तच उत्साह आला होता. पाहुण्यांची पंगत बसली असता त्यांनी पहिला घास घेतला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की आमच्या घरी मीठ वाडग्यानं टाकतात, तुमच्याकडे पोरगी चमच्यानं टाकायला शिकेल. पंगत हसली. होणारे व्याही तर ठसका लागेपर्यंत हसले. तुळसाबाई हातातलं भाजीचं भांडं घेऊन तशीच आत गेली आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

बाकी कशात कमी नव्हतं. चहा वेळेवर, भाकर गरम, अंघोळीचं पाणी तयार. फक्त जे सांगायचं ते ती म्हशीला सांगायची. भाकरी झाकून ठेवली, ज्याला खायची त्याने खावी, असं म्हशीच्या पाठीवर हात फिरवत म्हणायची. भगवंतरावही म्हशीलाच उत्तर द्यायचे. घरातला सगळा व्यवहार त्या जनावराच्या कानांवरून चालला होता आणि भगवंतरावांना भाकरी गोड लागत नव्हती. चुकलं आपलं, हे त्यांना कधीच उमगलं होतं. पण गावात ज्यांच्या शब्दाला मान, त्यांनी आधी तोंड उघडायचं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटायचं.

तर जगदेव ठोकळा घेऊन शेतावर आला. भगवंतरावांचं घर मळ्यातच, धुऱ्यावरून हाकेच्या अंतरावर. त्यांनी घसा खाकरला आणि पुण्याच्या मुकेशला हाक मारली. जगदेवने मान हलवली. ही हाक नाकातून आली, पोरगं येणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. मग त्यांनी बैलांना हाक मारली. ती गळ्यातून आली. बैलांच्या हाकेचा भोंगा केला तर रोही औताला जुंपायला येऊन उभे राहतील, असं जगदेव गंभीरपणे म्हणाला. मग भगवंतरावांनी शक्कल काढली, माप देवमनचं घे आणि भोंगा मला दे. जगदेवने देवमनचाच भोंगा मागवून त्यांच्या हातात दिला.

भगवंतरावांनी जोर लावून फुंकला. सर्दी झालेल्या वासरासारखा आवाज आला. समोर हरभऱ्यात तोंड घालून उभ्या रोह्यांनी माना वर केल्या. त्यांतला एक तर काळजीने दोन पावलं पुढे आला.

"भगवंतभाऊ," जगदेव म्हणाला, "दुसऱ्याच्या दमानं पाखरूसुदा फसत नाही. वयनीले हाक मारा."

"तिले बरं नाही," भगवंतराव म्हणाले.

तेवढ्यात तुळसाबाई पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन अंगणातून ठणठणीत चालत गेली. जगदेवने तिकडे पाहिलं आणि मग सभ्यपणे आभाळाकडे पाहू लागला.

आता मात्र सुटका नव्हती. भगवंतराव धुऱ्यावर ताठ उभे राहिले, पाठीवर जगदेवचा पंजा बसला, आणि त्यांनी हाक दिली, "अवं मुकेशची माय." उभा जन्म त्यांनी बायकोला अशीच हाक मारली होती. अंगणात काही हललं नाही. म्हशीने मात्र कान टवकारले, कारण अलीकडे त्या आवाजातलं सगळं बोलणं तिच्याशीच होत होतं.

"हे बोलावणं नाही," पाठीमागून जगदेव म्हणाला. "हे तर तुमी हुकूम सोडून राह्यले. छातीतच अडकलं पाहा. खालून येऊ द्या."

भगवंतराव चिडले. खालून येऊ द्या म्हणे. खाली काय आहे हे याला काय माहीत? खाली तीन महिन्यांची मुकी भाकर आहे. संध्याकाळी माणूस शेतातून घरी येतो तेव्हा आज काय झालं हे कोणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि ते म्हशीला सांगून भागत नाही. समोर रोही पट्टीच्या पट्टी साफ करत होते. तो हरभरा तिनेच पेरला होता, तिफणीमागे, कमरेला बियाण्याची ओटी बांधून, ऊन डोक्यावर घेऊन. तो असा डोळ्यांदेखत चालला होता. त्यांना आता भोंगा नको होता, माप नको होतं. त्यांना ती इथे, या धुऱ्यावर, शेजारी उभी पाहिजे होती.

"तुळसा!"

असं नाव घेऊन त्यांनी तिला कधीच हाक मारली नव्हती, लग्नातल्या उखाण्यातसुद्धा चारचौघांत पुटपुटले होते. हाक शेतावरून गेली, घरावरून गेली, पार नाल्यापलीकडे गेली. रोह्यांचा कळप एका दमात उधळला आणि दिसेनासा झाला. पलीकडच्या शेतात लालसिंगने आपला लांब भोंगा खाली ठेवला.

तुळसाबाई दारात आली. पदर खोचला आणि धुऱ्याच्या वाटेने सरळ चालत आली. भगवंतरावांना वाटलं आता ही काही तरी फेकून मारणार, आणि मारलं तरी चालेल असंही वाटलं. ती समोर येऊन उभी राहिली. आजूबाजूला म्हैस नव्हती.

"येवढ्या मोठ्यानं कायले बोंबलता?" ती म्हणाली. "मी काय बहिरी हाओ?"

भगवंतरावांना हसावं की रडावं कळेना. ते मान खाली घालून म्हणाले, "रुचिकाच्या साखरपुड्याची भाजी चांगली झाली होती."

"कायची चांगली," तुळसाबाई म्हणाली. "मीठ जास्तच पडलं होतं. मले का समजत नव्हतं? पण ते तुमी मले सांगाचं होतं, पाव्हण्याईले नाही."

"चुकलं माह्यं."

तिने उपटलेल्या हरभऱ्याकडे पाहिलं, तोडलेले घाटे पायाने बाजूला सारले आणि मग जगदेवकडे वळून विचारलं की हा ठोकळा घेऊन तू इथे काय करतोस. जगदेवने सगळी रीत समजावून सांगितली, दम, गळा, जिभली, घरच्या माणसाची हाक. तिने नीट ऐकून घेतलं.

"मंग झालं का माप?"

जगदेव डोकं खाजवत म्हणाला की एका हाकेत खात्री होत नाही, आणखी एखादी झाली तर बरं.

"चालली मी घरी," तुळसाबाई नवऱ्याला म्हणाली. "मारा हाक. अन् आता कशी मारली, तशीच मारजा. मुकेशची माय नोका म्हणू."

ती घरापर्यंत गेली, आत शिरली आणि दार लोटून घेतलं. भगवंतरावांनी छाती भरून हाक मारली. दार हललं नाही. त्यांनी पुन्हा मारली. दाराच्या फटीत लुगड्याचा काठ दिसत होता, म्हणजे ती तिथेच उभी राहून ऐकत होती. पाठीवरचा हात केव्हाच निघून गेला होता. जगदेव खाली बांधावर बसून खाली मानेने लाकूड कोरत होता, भुशाचा लहानसा ढीगही पडला होता. भगवंतरावांनी ते पाहिलं, आणि आणखी एकदा हाक मारली.