तपकिरी वायर

मीटर लावला आणि थोरल्याच्या कपाळाला आठी पडली. बॅटरी पुन्हा निम्मी उतरलेली. काल संध्याकाळी मेन स्विच त्याने स्वतःच्या हाताने बंद केला होता, होडी रात्रभर धक्क्याला बांधलेली होती. मग ही बॅटरी खातंय कोण? कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं त्याने ओळखलं.

होडी दोघा भावांची. बापाची तेवढीच एक वस्तू उरलेली, आणि तिच्यावरून कधी कुरबुर झाली नव्हती. त्याला कारण होतं. वायरिंग थोरल्याचं, लाकूडकाम धाकट्याचं, आणि दुसऱ्याच्या कामात कुणी नाक खुपसायचं नाही.

हा नियम पहिल्यांदा मोडला तो थोरल्यानेच. त्याने मासे दाखवणारं यंत्र आणलं. त्याचा सेन्सर पाण्यात ठेवावा लागतो, म्हणून मागच्या फळीला, अगदी खाली, त्याने लांबलचक स्क्रू पिळून बसवले.

"दादा, फळी चिरली वाटतं," धाकटा म्हणाला होता.

"कौतुक करता येत नसेल तर निदान गप्प बस."

धाकटा गप्प बसला. यंत्राने पुढे एक झकास जागा दाखवली, जाळं ओढताना हात भरून येऊ लागले. आणि नेमकी तेव्हापासून बॅटरी उतरू लागली. धाकटा आता त्याच्याआधीच धक्क्यावर हजर असायचा, पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली. विचारलं तर म्हणायचा, "जाग आली लवकर." धक्क्यावरच्या बर्फवाल्याने त्यात तेल ओतलं, "तुझा भाऊ अंधारातच येतो हं हल्ली. एकटाच."

एकटाच! म्हणजे भाऊ गुपचूप त्या जागेवर जातो, आपल्याच यंत्रावर मासे शोधतो आणि वर साळसूदासारखा शेजारी बसून जाळं ओढतो. बाहेरच्याने फसवलं असतं तर त्याने चार शिव्या हासडल्या असत्या आणि जेवायला बसला असता. हा भाऊ होता.

त्या संध्याकाळी धाकटा जाळं धुवायला गेल्यावर त्याने बॅटरीची पेटी उपसली. यंत्राची वायर, दिव्याची वायर, सगळ्या ओळखीच्या. आणि खाली एक तपकिरी वायर, त्याने न जोडलेली, मेन स्विचला बगल देऊन थेट बॅटरीला लावलेली. ती तळाच्या फळ्यांखाली गेली होती. मासे भुलवायचा दिवा असणार, दुसरं काय! फळी उचलून बघायला हवी होती, पण डोकं तापल्यावर फळ्या कोण उचलतो? त्याने पक्कड काढली, वायर कचकन तोडली आणि दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळली, त्याच्या सवयीप्रमाणे घट्ट, एक सुरकुती न पडू देता.

धाकटा परत आला तेव्हा तो हात पुढे करून उभा होता. "होडीची किल्ली दे. उद्यापासून येऊ नकोस."

"का? काय झालं?"

"तुला माहीत आहे."

धाकट्याने खिशातून किल्ली काढून दिली. "बरं. फक्त ती तपकिरी वायर तेवढी..."

"वायरीतलं मला शिकवू नकोस!"

सकाळी थोरला धक्क्यावर आला आणि पायऱ्यांवरच थबकला. होडीचा मागचा भाग काठापर्यंत पाण्यात बुडाला होता. नाक तेवढं दोराला लटकून वर राहिलेलं. छातीभर पाण्यात उभा राहून धाकटा एका हाताने मागच्या फळीच्या चिरेत चिंधी कोंबत होता, दुसऱ्या हाताने बादलीने पाणी उपसत होता. सरकलेल्या फळ्यांच्या मधून एक छोटा पंप दिसत होता, पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा. त्याला तपकिरी वायर होती.

"हा पंप कधी बसवलास?" थोरल्याने विचारलं.

"तू स्क्रू मारलेस त्याच आठवड्यात. तरी भरवसा नव्हता, म्हणून पहाटे येऊन बघून जायचो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"एकदा सांगितलं होतं."

थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोडलेल्या वायरचं टोक पाण्यात लोंबत होतं. धाकट्याने बादली टेकवून ते उचललं आणि टेप सोडून निरखलं. आत पाण्याचा थेंब शिरला नव्हता.

"टेप मात्र झकास मारलीस, दादा."

थोरला कपड्यांसकट पाण्यात उतरला. खिशातली किल्ली काढून त्याने पुढे केली, पण धाकट्याचे दोन्ही हात पुन्हा चिंधीत आणि बादलीत गुंतलेले होते. मग त्यानेच ती भावाच्या ओल्या शर्टाच्या खिशात सरकवली आणि त्याच्या हातातली बादली घेतली.